आधी कागदावर लिहा, मग पडद्यावर बघा: गायींच्या सोनोग्राफीचा पाच दिवसांचा वर्ग

मागच्या नोव्हेंबरात मी गायी-म्हशींच्या सोनोग्राफीचा पाच दिवसांचा वर्ग केला. गर्भाशय आणि ओव्हरी (बीजांडकोश) बघायला शिकवणारा, पुणे जिल्ह्यातल्या एका मोठ्या गोठ्यावर भरलेला. राहणं-जेवण धरून फी चोवीस हजार. आम्ही शिकणारे बाराजण, सगळे प्रॅक्टिस करणारे पशुवैद्यक, आणि शिकवणारे तिघे. याला आता सात महिने झाले. परत आल्या आल्या लिहायला बसले असते तर नुसतं कौतुक लिहिलं असतं, म्हणून मुद्दाम थांबले. जे शिकले ते रोजच्या कामात टिकतं का, हे बघितल्याशिवाय अशा वर्गाबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

संस्थेचं नाव देत नाही. चांगल्याबरोबर काही उणिवाही लिहिणार आहे, आणि मला कुणाची जाहिरात करायची नाही की बदनामीही. पैसे आणि पाच दिवस खर्च करण्याआधी अशा वर्गात काय बघावं, एवढं माझ्या व्यवसायबंधूंना आणि भगिनींना कळावं.

मी संगमनेर तालुक्यात खाजगी प्रॅक्टिस करते. परभणीच्या महाविद्यालयातून २००६ साली पदवी घेतली. आमचा पट्टा संकरित गायींचा. दिवसाला दहा-बारा कॉल, आणि त्यातले निम्मे याच तीन तक्रारींचे: गाय उलटतेय (भरवूनही गाभण राहत नाही), माजावर येत नाही, गाभण आहे का बघा. हे सगळं गुदद्वारातून हात घालून, आतड्याच्या भिंतीतून गर्भाशय चाचपून ठरवायचं. म्हणजे माझ्या कामाचा अर्धा भार डाव्या हाताच्या बोटांवर. ही बोटं सतरा-अठरा वर्षं बरोबरच सांगत होती, असं मी धरून चालले होते.

वर्गाला जायचं कारण एक गाय. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातली गोष्ट. दुसऱ्या वेताची एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन), मालकाने सांगितलं की भरवून दोन महिने होत आले, पण वीस दिवसांपूर्वी पुन्हा माज दाखवला आणि थोडी बळस (माजाचा चिकट स्राव) टाकली. मी हात घातला. उजव्या ओव्हरीवर सीएल (बीज सुटल्यावर तिथे तयार होणारी, गर्भ टिकवणारी गाठ) लागला, गर्भाशयाचं उजवं शिंग, म्हणजे उजवी शाखा, किंचित जाड वाटली. मी ठरवलं, पिशवीत (गर्भाशयात) घाण आहे आणि सीएल अडून बसलाय. सीएल विरघळवणारं क्लोप्रोस्टेनॉलचं दोन मिलीचं इंजेक्शन दिलं. पाचव्या दिवशी सकाळी मालकाने केळीच्या पानावर ठेवून आणून दाखवलं. उंदराएवढं वासरू. गाय गाभण होती. गाभण गायही कधीकधी माज दाखवते हे मला पाठ होतं, तरीही मी गाय गाभडवली होती.

मी त्यांना तिथेच सांगितलं की चूक माझी आहे. ते म्हणाले, "जाऊ द्या मॅडम, जनावराचं असंच असतंय." त्यांनी समजूत काढण्यासाठी म्हटलेलं ते वाक्य माझ्या डोक्यातून आजही जात नाही. जनावराचं असंच असतंय या एका वाक्याखाली आमच्या किती चुका गाडल्या जात असतील! माणसांच्या डॉक्टरला रुग्ण परत येऊन सांगतो, तपासणीचा कागद सांगतो. आमच्याकडे गाय गाभण राहिली नाही तर बाजारात जाते, मेली तर खड्ड्यात जाते. मी "रिकामी" म्हटलेल्या किती गायी खरंच रिकाम्या होत्या, हे मला कुणीही कधी सांगितलं नव्हतं. ही गाय गाभडली म्हणून निदान कळलं तरी.

पदवीनंतर माझं शिकणं काय झालं, तर बहुतेक औषध कंपन्यांच्या बैठका. हॉटेलात संध्याकाळी सातला सुरू, एक तास नवीन कॅल्शियम किंवा नवीन अँटिबायोटिक, मग जेवण. २०२०च्या टाळेबंदीत ऑनलाइन व्याख्यानांचा पूर आला. त्यातली काही फार चांगली होती, घरबसल्या मोठमोठ्या लोकांना ऐकायला मिळालं, आणि जे ऐकून कळण्यासारखं आहे त्यासाठी तो मार्ग मला आजही योग्य वाटतो. औषधांचे नियमच घ्या. मी कॉलेजात असताना डायक्लोफेनॅक हे रोजचं वेदनाशामक इंजेक्शन होतं. मी पदवी घेतली त्याच वर्षी, २००६ला, मेलेल्या जनावरांतून ते औषध पोटात जाऊन गिधाडं मरत, म्हणून जनावरांसाठी त्यावर बंदी आली. २०१९ला खाद्य-जनावरांसाठी कोलिस्टिन हे अँटिबायोटिक गेलं, २०२३ला वेदनाशामकं किटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफेनॅक. कॉलेजच्या वहीवर विसंबून राहणारा माणूस आज कायदा मोडून बसेल. आणि २०२२चा लम्पी! रावेरकडून बातम्या यायला लागल्या तेव्हा आमच्यातल्या कितीतरी जणांनी त्या गाठी फक्त पुस्तकातल्या चित्रात बघितल्या होत्या. शेळ्यांच्या देवीची लस गायींना का चालते, हे मी तेव्हा एका ऑनलाइन व्याख्यानातच नीट समजून घेतलं. दोन्ही विषाणू एकाच घराण्यातले, म्हणून चालते.

पण हाताचं कौशल्य ऐकून येत नाही. ब्रिटनमध्ये पशुवैद्यकाला वर्षाला पस्तीस तास शिक्षण केल्याची नोंद ठेवावी लागते. आपल्याकडे त्यावर चर्चा होते तेव्हा सगळे तासांवर बोलतात. मला विचाराल तर तासांच्या आधी एक प्रश्न विचारावा: त्या तासांत माझा हात कुठे होता, आणि तो चुकला तेव्हा कुणी पकडला का?

या वर्गाने तो पकडला, म्हणून हे सगळं लिहितेय.

पहिला दिवस गोठ्यावर नव्हताच. एका शेडमध्ये स्टीलची टेबलं, त्यावर पाण्याने भरलेली पसरट घमेली, आणि बर्फातून आणलेली गर्भाशयं. सगळी म्हशींची. महाराष्ट्रात १९७६च्या कायद्यापासून गायींच्या कत्तलीवर बंदी आहे, गायीचे अवयव मिळण्याचा प्रश्नच नाही, त्यामुळे असं शिक्षण म्हशीवरच होतं. गर्भाशय पाण्यात बुडवायचं, वरून प्रोब (सोनोग्राफी यंत्राचा हातात धरायचा भाग) धरायचा, पडद्यावर जे दिसतं ते कागदावर काढायचं. कोणतं फॉलिकल (बीज असलेला पाण्याचा फोड), कोणता सीएल, किती मिलिमीटर. मग सुरी घ्यायची आणि ओव्हरी कापून बघायची.

माझ्या पहिल्याच ओव्हरीवर मी लिहिलं, "सिस्ट", म्हणजे बीज न सुटता तसाच वाढून राहिलेला फोड. मधोमध काळा गोल दिसत होता. कापली तर पोकळी असलेला सीएल निघाला. पाणी भरलेली पोकळी आणि भोवती जाड भिंत. ती भिंत पडद्यावरही दिसत होती, पण मी काळ्या गोलाकडेच बघत राहिले. शिकवणाऱ्या सरांनी मला आधी काही सांगितलं नव्हतं. कापल्यावर एवढंच म्हणाले, "आता परत प्रोब धरा आणि भिंत मोजा." दुसऱ्या अर्ध्या भागावर मोजली. पाच मिलिमीटर. ही भिंत मी आता आयुष्यभर विसरणार नाही. त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली: म्हशीचा सीएल गायीसारखा पिवळा-केशरी नसतो, करडा-गुलाबी असतो आणि ओव्हरीत जास्त रुतलेला असतो, म्हणून म्हशीत तो हाताला हुकतो. मी इतकी वर्षं म्हशींना हात घालतेय, पण म्हशीची ओव्हरी कापून बघण्याची संधी मला कॉलेजनंतर पहिल्यांदा मिळाली.

दुसऱ्या दिवसापासून गोठा. आणि इथे या वर्गाची खरी किंमत.

प्रत्येकाला एक पुठ्ठा आणि एक छापील कागद. कागदावर दोन रकाने, "हात" आणि "पडदा". गाय खोड्यात आली की आधी नुसत्या हाताने तपासायचं आणि पहिल्या रकान्यात पेनाने लिहायचं. पेन्सिल चालत नव्हती. गाभण की रिकामी, गाभण असेल तर किती दिवसांची, कोणतं शिंग, दोन्ही ओव्हरींवर काय. लिहून झाल्यावरच प्रोब हातात मिळायचा. गायीच्या भरवल्याच्या तारखा गोठ्याच्या रजिस्टरात होत्या, पण त्या आम्हाला संध्याकाळी पाचनंतर कळायच्या.

हे वाचायला साधं वाटेल. करून बघा. पहिल्या दिवशी पेन टेकवताना माझा हात थबकला. रोज गोठ्यावर मी क्षणात सांगते, "रिकामी आहे, दादा, मल्टिविटामिन देऊ." इथे तेच लिहायचं होतं आणि पुढच्या पाच मिनिटांत ते खोटं ठरू शकत होतं. आमच्यातले एक ज्येष्ठ सहकारी, तीस वर्षांची प्रॅक्टिस, त्यांनी पहिल्या दोन गायींच्या वेळी कागद कोराच ठेवला. सरांनी शांतपणे कागद परत त्यांच्या हातात दिला आणि लिहिल्याशिवाय प्रोब दिला नाही. शेवटच्या दिवशी याच सहकाऱ्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं की त्यांनी इतकं प्रामाणिक शिक्षण आधी घेतलं नव्हतं.

चार दिवसांत माझ्या चाळीस गायी झाल्या. हात आणि पडदा जुळले एकतीस ठिकाणी. नऊ चुकले. त्यातल्या तीन गायी अठ्ठावीस ते पस्तीस दिवसांच्या गाभण होत्या आणि मी रिकाम्या लिहिल्या होत्या. सर म्हणाले, हे हाताकडून मागूच नका, एवढ्या लवकर बोटांना खात्री देता येत नाही. ते मी मान्य केलं. पण दोन गायी मी गाभण लिहिल्या आणि पिशवीत पू निघाला. ही माझी खरी चूक. पडद्यावर फरक इतका स्पष्ट होता की वाईट वाटलं. गर्भाचं पाणी निव्वळ काळं दिसतं, मध्ये गर्भाचा करडा ठिपका, आणि त्यात लुकलुकणारं हृदय. पुवाचं पाणी धुरकट, त्यात बर्फासारखे कण तरंगताना दिसतात, हलवलं की फिरतात. हाताला दोन्ही सारखेच, फुगलेलं शिंग. उरलेल्या चार चुका ओव्हरींच्या, आणि त्यातल्या तीन डाव्या ओव्हरीच्या. मी डाव्या हाताने तपासते, डावीकडे मनगट वळवावं लागतं आणि मी घाई करते. हे मला अठरा वर्षांत माहीत नव्हतं. कुठून माहीत असणार?

रोज संध्याकाळी सर एकेकाला बाजूला घेऊन त्याचा कागद त्याच्यासमोर वाचायचे. सगळ्यांसमोर नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटलं. डॉक्टर माणसाची चूक चारचौघांत काढली की तो शिकणं थांबवतो आणि बचाव सुरू करतो.

गायींच्या बाबतीत ते लोक कडक होते, आणि त्याबद्दल मला त्यांचा आदर आहे. एका गायीला दिवसात तीनपेक्षा जास्त हात नाहीत. हातमोज्यावर रक्त दिसलं की ती गाय लगेच खोड्यातून बाहेर, आणि त्या दिवसापुरती सुट्टी. शेण पूर्ण काढल्याशिवाय प्रोब घालायचा नाही. यात गायीचं भलं आहे आणि आपलंही, कारण प्रोब आणि आतड्याच्या भिंतीमध्ये शेण किंवा हवा राहिली तर पडद्यावर काहीच दिसत नाही. पहिले दोन दिवस आमची निम्मी "खराब चित्रं" यंत्रामुळे नसून शेणामुळे होती. मी इतरत्र असे वर्ग ऐकलेत जिथे एकाच गायीवर दहा-दहा जण शिकतात. तुम्हाला तसं दिसलं तर तिथे पैसे भरू नका. जे लोक गायीची काळजी घेत नाहीत ते तुमच्या शिकण्याचीही घेणार नाहीत.

माझी उंची पाच फूट एक इंच. मोठ्या एचएफ गायीत माझा हात पूर्ण आत गेला तरी पिशवी पोटात उतरलेली असेल तर बोटं जेमतेम पोचतात, आणि पाच-सहा गायींनंतर खांदा भरून येतो. यावर मला कुणी कधी उपाय सांगितला नव्हता. "बाईमाणसाला हे काम जड" एवढंच ऐकलं होतं. इथे दुसऱ्या शिक्षिकेने मला प्रोबला लावायची लांब दांडी दिली. हात न घालता दांडीने प्रोब आत सरकवायचा, पडदा डोळ्यांवर लावायच्या चष्म्यात किंवा मनगटावर. सुरुवातीला दिशा कळत नाही, अंदाज बसायला दीड दिवस गेला. पण चौथ्या दिवशी मी सलग अकरा गायी दांडीने बघितल्या आणि रात्री खांदा दुखला नाही. ज्या मुली पदवी घेऊन "मोठी जनावरं नकोत, कुत्र्या-मांजरांचंच करू" म्हणतात, त्यांनी हे एकदा बघावं. ओव्हरी बारकाईने बघायची असेल तर हातच बरा, पण गाभण-रिकामी ठरवायला दांडी पुरते.

एक तास ओव्हसिंकवर होता, म्हणजे बीज ठरलेल्या वेळी सुटावं आणि त्या वेळी कृत्रिम रेतन करता यावं यासाठीच्या इंजेक्शनांच्या वेळापत्रकावर. पहिल्या दिवशी जीएनआरएच (बीज सोडायला लावणारं संप्रेरक), सात दिवसांनी सीएल विरघळवणारं प्रोस्टाग्लँडिन, छप्पन्न तासांनी पुन्हा जीएनआरएच, आणि मग सोळा ते वीस तासांत रेतन. हे सगळ्यांना माहीत असतं. पण ओव्हरी न बघता सरसकट सुरू करू नका, आणि शेतकऱ्याला तारखांऐवजी वार आणि वेळ लिहून द्या, या दोन सूचना माझ्या उपयोगी पडल्या. तिसरं इंजेक्शन रात्री द्यायचं की संध्याकाळी यावर आमच्याकडे नेहमी घोळ होतो.

चौथ्या दिवशी गर्भाचं लिंग ओळखायला शिकवलं. पंचावन्न ते सत्तर दिवसांच्या मध्ये एक लहानसा पांढरा ठिपका बेंबीकडे सरकतो किंवा शेपटीकडे सरकतो, त्यावरून नर-मादी कळतं. मला जमलं, आठपैकी सात बरोबर आले. पण मी ते माझ्या गावांत सांगत नाही. गोऱ्हा आहे असं दोन महिन्यांनाच कळलं तर काय मागणी होईल हे मला माहीत आहे, आणि ते गाभडवणारं इंजेक्शन माझ्याच बॅगेत असतं. मादी वासरू हवं असेल त्यांना मी लिंगनिश्चित सीमेनची माहिती देते. वर्गात या बाजूवर एक शब्दही निघाला नाही. निघायला हवा होता, निदान अर्धा तास. तंत्र शिकवताना ते कुठे वापरू नये हेही त्याच माणसाने सांगितलं पाहिजे, कारण त्या वेळी सगळे कान देऊन ऐकत असतात.

आता बाकीच्या उणिवा. बाराजणांना यंत्रं तीन, आणि त्यातलं एक तिसऱ्या दिवशी दुपारी बंद पडलं ते शेवटपर्यंत सुरू झालं नाही. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या दिवशी बराच वेळ ताटकळण्यात गेला. चोवीस हजार फी घेतल्यावर एक जादा यंत्र ठेवणं त्यांचं कर्तव्य होतं. चौथ्या दिवशी दुपारी दोन तास यंत्र विकणाऱ्या माणसाला दिले. त्याची माहिती चुकीची नव्हती, पण आम्ही गायींसाठी पैसे भरले होते. त्याला हवं तर रात्री जेवणानंतर बोलवायचं होतं. जिवंत म्हशी फक्त चार होत्या. कोल्हापूर-सांगलीकडून आलेल्या दोघांचं काम मुख्यतः म्हशींचं, त्यांची निराशा रास्त होती. म्हशींसाठीच शिकायचं असेल तर आधी फोन करून म्हशी किती असतील ते विचारा.

बायकांसाठीही सांगते. बाराजणांत मी एकटी बाई. राहायला स्वतंत्र खोली होती, स्वच्छ होती. पण गोठ्यावर कपडे बदलायला जागा नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्पष्ट बोलले तेव्हा पेंडीची एक खोली रिकामी करून आतून कडी बसवून दिली, आणि मनापासून दिली. तरी पुढच्या मुलीला हे मागावं लागू नये.

शिकवणं निम्मं इंग्रजीत होतं. त्याने कुणाचं अडलं नाही, आमची पुस्तकं इंग्रजीतलीच. अडलं ते दुसरीकडे. तिसाव्या दिवशी गाभण निघालेली गाय साठाव्या दिवशी गाभण असेलच असं नाही, मधल्या काळात काही गर्भ जातात. हे शेतकऱ्याला कोणत्या शब्दांत सांगायचं, ते कुणी शिकवलं नाही. सांगितलं नाही तर पहिली गाय गेल्यावर तो म्हणणार, "मॅडमच्या मशिनीनंच गर्भ गेला." माझ्याबाबतीत जानेवारीत हे एकदा झालंच. मी आता पहिल्या तपासणीलाच म्हणते, "आज जीव धरलाय. रुजला का ते एका महिन्याने परत बघू." पेरणी माहीत असलेल्या माणसाला हे लगेच कळतं.

वर्ग संपल्यावर त्यांनी तीन महिने आम्हाला सोडलं नाही. फीमध्येच ते धरलेलं होतं. आपल्या गोठ्यांवरच्या पडद्याच्या छोट्या चित्रफिती व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायच्या, सोबत स्वतःचं मत आधी लिहून. मत न लिहिता "सर, हे काय आहे?" विचारलं तर उत्तर यायचं नाही. लिहून पाठवलं की रात्री दहाच्या आत उत्तर. मी तीन महिन्यांत चौसष्ट फिती पाठवल्या. पहिल्या महिन्यात दर चार-पाच फितींमागे एक दुरुस्ती यायची, तिसऱ्या महिन्यात पूर्ण महिन्यात तीन आल्या. पाच दिवसांच्या वर्गापेक्षा या तीन महिन्यांनी मला जास्त शिकवलं, असं मी जबाबदारीने म्हणते. तुम्ही कोणताही वर्ग निवडा, घरी गेल्यावर चुका कोण बघणार आहे हे आधी विचारून घ्या.

खर्चाचं सरळ बोलते. फी चोवीस हजार. पाच दिवस प्रॅक्टिस बंद, तो तोटा वेगळा. माझे कॉल शेजारच्या तालुक्यातल्या एका सहकाऱ्याने सांभाळले म्हणून माणसं तुटली नाहीत. यंत्र मी वापरलेलं घेतलं, एक लाख चाळीस हजारांना, साडेसात मेगाहर्ट्झपर्यंतचा लिनियर प्रोब. उन्हात पडदा दिसत नाही, म्हणून काळ्या कापडाची झापड शिवून घेतली. तपासणीचे दीडशे रुपये घेते. हे पैसे फिटायला अजून वर्ष तरी जाईल. ज्यांच्याकडे महिन्याला पाच-दहाच प्रजननाच्या तपासण्या येतात त्यांनी यंत्र घेऊ नये. त्यांनी वर्ग मात्र जरूर करावा, कारण चाळीस वेळा हात आणि पडदा जुळवल्यावर नुसता हातही सुधारतो.

डिसेंबर ते मे, माझ्या वहीत दोनशे बारा गायी अठ्ठावीस ते पस्तीस दिवसांत बघितलेल्या आहेत. एकशे एकतीस गाभण, एक्याऐंशी रिकाम्या. या एक्याऐंशी गायी पूर्वी मी साठाव्या दिवशी हाताने बघितल्या असत्या. म्हणजे प्रत्येकीमागे निदान तीन आठवड्यांचा एक माज पदरात पडला. आमच्याकडे गायीचा दिवसाचा चारा-पेंडीचा खर्च अडीचशेच्या घरात जातो, हिशेब ज्याचा त्याने करावा. गाभण निघालेल्यांपैकी एकशे अठरा पुन्हा साठाव्या दिवशी बघायला मिळाल्या. नऊ गर्भ गेलेले होते. पूर्वी हे नऊ गर्भ मला कळलेच नसते. "उशिरा उलटली" म्हणून मी पुढच्या गोठ्यावर गेले असते.

१८८९ साली पुण्यात सरकारने जनावरांच्या रोगांसाठी प्रयोगशाळा उघडली. तीच पुढे उत्तराखंडातल्या मुक्तेश्वरला गेली आणि आज तिला आपण आयव्हीआरआय (भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था) म्हणून ओळखतो. परळचं महाविद्यालय त्याआधीचं, १८८६चं. एवढी जुनी परंपरा असलेल्या राज्यात, प्रॅक्टिस करणाऱ्या पशुवैद्यकाला स्वतःच्या हाताची परीक्षा घ्यायची असेल तर चोवीस हजार भरून खाजगी वर्ग शोधावा लागतो, याची मला खंत आहे. शिरवळ, परभणी, उदगीर, नागपूर, या सगळ्या महाविद्यालयांकडे गोठे आहेत, अवयव मिळवण्याची सोय होऊ शकते, शिकवणारी जाणती माणसं आहेत. दर पाच वर्षांनी आम्ही नोंदणीचं नूतनीकरण करतो. त्या पाच वर्षांत एकदा, चाळीस गायी आणि दोन रकान्यांचा कागद, एवढी सोय प्रत्येक विभागात व्हावी, असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी मी माझी फी आनंदाने भरेन.

माझे कॉल ज्यांनी सांभाळले ते सहकारी आता पुढच्या तुकडीला जाताहेत. त्यांना मी दोन गोष्टी सांगितल्या: गुडघ्यापर्यंतचे स्वतःचे गमबूट न्या, तिथले मोठे येतात, आणि पहिल्या दिवशी पेन टेकवायला घाबरू नका. त्या पाच दिवसांचे त्यांचे कॉल माझ्याकडे.

वहीत मी ते दोन रकाने अजून आखते. यंत्र बॅगेत असलं तरी आधी हात, मग लिहिणं, मग प्रोब. गेल्या आठवड्यात एकवीस गायींत दोन ठिकाणी जुळलं नाही. दोन्ही वेळा डावी ओव्हरी.